मागे सरकायला जागा आहे का?

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. एप्रिल-मेमध्ये लग्नाचे फ्लॅश आणि बॅटऱ्या, आणि आता एकदम सगळ्यांना वाइड लेन्स हवी. कासचं पठार, धबधबे, गड, देवळं. यंदा तर पत्रांचा गठ्ठाच आला, म्हणून हा अंक त्यालाच देते. किमती लिहीत नाही, अंक छापून हातात पडेपर्यंत त्या बदललेल्या असतात. नव्या वाचकांसाठी दोनच गोष्टी : एमएमचा आकडा जितका लहान तितकं लेन्समध्ये दृश्य रुंद मावतं, आणि एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो.

ताई, मी सांगलीत कॉलेजात इतिहास शिकवतो आणि सुट्टीला जुन्या देवळांचे फोटो काढत हिंडतो. कॅमेरा निकॉन डी ५३००, लेन्स त्याच्यासोबत आलेली १८-५५. मंडपात उभं राहिलं की १८ वरसुद्धा खांब कापले जातात. तीन लेन्स बघून ठेवल्यात : निकॉनचीच १०-२० (एफ/४.५-५.६), सेकंडहँड टोकिना ११-१६ (एफ/२.८) आणि सिग्माची १०-२०. मित्र म्हणतात, डोळे झाकून २.८ घे. काय करू?

सर, लेन्स घेताना डोळे झाकू नयेत, एवढं मित्रांना माझ्यातर्फे सांगा.

वाइड लेन्सबद्दल कुणीही विचारलं की मी पहिला प्रश्न एकच करते : तुम्हाला मागे सरकायला जागा आहे का? असेल तर पाय चालवा, पैसे वाचतील. माझा पुतण्या असाच हटून बसला होता. त्याला म्हटलं, गेल्या वर्षभरातले फोटो कॉम्प्युटरवर उघड आणि प्रत्येक फोटोच्या माहितीत किती एमएमवर काढलाय ते लिहून काढ. तीनेकशे फोटोंत जेमतेम वीस फोटो १८ वर निघाले, निम्म्याहून जास्त ५५ वर. गड्याला हवी होती लांबची लेन्स आणि निघाला होता वाइड घ्यायला.

तुमचं तसं नाही. मंडपात माणसाची पाठ भिंतीला टेकते आणि विषय संपतो. तुम्ही सांगलीचे, म्हणजे खिद्रापूरचं कोपेश्वर तुमच्या अंगणातलंच. तिथल्या स्वर्गमंडपात मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याकडेही १८-५५ च होती. ४८ खांब, छताला मधोमध आकाशाकडे उघडणारा गोल, त्याच्याखाली जमिनीवर तेवढीच गोल शिळा. त्या शिळेवर पाठ टेकून आडवी झाले, कॅमेरा सरळ वर धरला, तर आकाशाचा गोल आणि त्याच्या काठाचं थोडंसं कोरीवकाम एवढंच आलं. गोलाभोवतीचे १२ खांब हवे होते, त्यांची नुसती डोकी दिसत होती. आता खाली कुठे सरकणार? शिळेच्या खाली?

१८ एमएमला तुमच्या कॅमेऱ्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ७६ अंश दिसतं, १० एमएमला १०९. आकड्यात फरक आठच मिलिमीटरचा. ५५ वरून ४७ वर आलात तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण या टोकाला एकेक मिलिमीटर भारी असतो. फुटांत सांगते. १८ मध्ये नऊ फुटांवरून जेवढी भिंत मावते तेवढी १० मध्ये पाच फुटांवरून मावते. मंडपात हे चार फूट म्हणजे मधला एक खांब. तो आड येणार की पाठीमागे जाणार, ते त्यावर ठरतं.

आता टोकिना. ही लेन्स मी तीन वर्षं वापरली, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे. घेतली तीही सेकंडहँड, पुण्याच्या एका दुकानातून. दुकानदारानं काच दाखवली, पावती दिली आणि एक गोष्ट सांगितली नाही. निकॉनसाठीच्या पहिल्या आवृत्तीत फोकसची मोटर नसते. माझ्या डी ५१०० च्या बॉडीतही ती नव्हती. घरी येऊन बटण दाबलं तर काही हालचालच नाही. तुमच्या डी ५३०० मध्येही मोटर नाही, त्यामुळे घ्यायचीच असेल तर नावापुढे ‘डीएक्स-टू’ लिहिलेली दुसरी आवृत्ती बघा, तिच्यात मोटर आहे.

दोन दिवस त्या दुकानदाराच्या नावानं बोटं मोडली आणि मग हिशोब करत बसले. ११ एमएम, एफ/८. फोकस अडीच फुटांवर ठेवला तर सव्वा फुटापासून थेट क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्वच्छ येतं. फोकसच्या रिंगला त्या जागी काळी चिकटपट्टी मारून टाकली. पुढची तीन वर्षं दिवसाउजेडी त्या रिंगला हात लावावा लागला नाही.

मग विकली का? कारण २.८ मी वापरतच नव्हते. एफ/२.८ म्हणजे एफ/४.५ च्या अडीचपट उजेड, हे खरं. पण अडीचपट उजेड कुणाला लागतो? अंधारात हलणारी माणसं टिपणाऱ्याला आणि आकाशातल्या ताऱ्यांमागे लागलेल्याला. खांब कुठे पळून जात नाहीत. शिवाय पूर्ण उघडी ठेवली की त्या लेन्सच्या कडा मऊ पडतात, आणि देवळात कडेलाच तर कोरीवकाम असतं. म्हणजे पैसे २.८ चे मोजायचे आणि फोटो एफ/८ वर काढायचे. टोकिनाचं दुसरं दुखणं खिद्रापूरला नेमकं उघडं पडतं. काळोख्या दगडाला लागून लख्ख आकाश आलं की दगडाच्या काठावर जांभळी किनार उठते. दुपारी बाराच्या सुमाराला त्या गोलाच्या काठानं कुणीतरी पैठणीचा काठ शिवलाय असं वाटायचं. कॉम्प्युटरवर ती काढता येते, पण प्रत्येक फोटोत किती काढत बसायची?

निकॉनच्या १०-२० मध्ये कंपनामुळे येणारा हलका धक्का सावरून घ्यायची सोय आहे. तुमच्यासाठी तीच मोलाची, कारण पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या देवळांत स्टँड लावायचा म्हणजे परवानगी काढणं आलं. मी खांबाला खांदा टेकवून, श्वास धरून, पाव सेकंदावर हातात काढलेले फोटो मोठे करून भिंतीवर लावलेत. वजन २३० ग्रॅम. टोकिना ५६० ग्रॅमची. सकाळी सहापासून गळ्यात अडकवून हिंडणाऱ्या माणसाला हा फरक संध्याकाळी मानेत कळतो.

तिचे दोष? कॅमेऱ्याला बसते ती कडी प्लास्टिकची आहे, जपून लावा-काढा. अंतराचे आकडे लेन्सवर नाहीत, म्हणजे माझी चिकटपट्टीची युक्ती तिथे चालत नाही. ती एएफ-पी जातीची आहे, म्हणजे नव्या प्रकारच्या फोकस-मोटरची. तुमच्या डी ५३०० चं फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) नवं करून घ्या म्हणजे नीट चालेल. पण डी ३१००, डी ५१००, डी ९० अशा जुन्या बॉडींवर ती चालतच नाही. घरात असा जुना कॅमेरा असलेल्या बाकीच्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. मला तिच्यापायी बॉडी बदलावी लागली होती.

सिग्माच्या १०-२० दोन आहेत, एक एफ/४-५.६ आणि एक सरळ एफ/३.५. दोन्ही मजबूत, दोन्ही जड, धक्का सावरायची सोय दोन्हींत नाही. स्वस्तात चांगली मिळाली तर नाही म्हणू नका, पण तिच्यामागे धावू नका.

तेव्हा सर, निकॉनची १०-२० घ्या. सेकंडहँड घेतलीत तर एका बाजूनं मोबाइलचा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूनं आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती लागतेच. तशी लेन्स फुकट मिळाली तरी घरी आणू नका.

तुम्ही इतिहासाचे म्हणून एक जास्तीची गोष्ट. १० एमएमवर जवळचा खांब आहे त्याहून दांडगा दिसतो आणि मागचा गाभारा आहे त्याहून लांब जातो. कॅमेरा जरा वर उचलला की खांब डोक्याशी एकमेकांकडे झुकतात. फोटो छान दिसतो, पण उद्या कुणी त्यावरून खांबाची जाडी-उंची काढायला बसला तर फसेल. टिपणासाठी कॅमेरा पाण्याच्या पातळीसारखा समतल धरून ३५ च्या आसपास, लांबून, एकेका खांबाचा वेगळा फोटो घेत चला. १०-२० अख्ख्या मंडपासाठी ठेवा.

मी इचलकरंजीत लग्नाचं काम करतो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, लेन्स १६-३५. स्टेजवरच्या ग्रुप फोटोत कडेची माणसं जाड येतात. गेल्या महिन्यात नवरीच्या मावशीनं अल्बम परत पाठवला. कडेला माणूस जाड न दाखवणारी चांगली वाइड लेन्स कोणती?

अशी लेन्स नाही दादा. आणि मावशींची काही चूक नाही.

सरळ रेघ सरळच ठेवायची, असं व्रत घेतलेली लेन्स कडेच्या गोल वस्तू ओढून लांबवते. संध्याकाळी सावली लांबते तसंच हे, किरण जितका तिरका तितकी ओढ जास्त. कितीही भारी, कितीही महाग लेन्स घ्या, गणित तेच. १६ वर अगदी कडेचं डोकं उंचीच्या मानानं दीडपट रुंद येतं, २४ वर सव्वापट. ३५ वर रुपयाला दोन आणे एवढंच वाढतं, ते कुणाच्या डोळ्यावर येत नाही. मधल्या नवरा-नवरीला काहीच होत नाही, म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघताना तुमच्याही ध्यानात येत नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, शाळेच्या ग्रुप फोटोला बाकं मांडून झाली की मैदान ओलांडून पार पिंपळापर्यंत मागे जायचे. मुलं ओरडायची, ‘फोटोवाले पळाले!’ ते पळत नव्हते. तुम्हीही १६-३५ ला ३५ वर ठेवा, जमलं तर ५० लावा, आणि स्टेजसमोरच्या खुर्च्यांच्या दोन रांगा काढून घ्यायला मांडववाल्याला आधीच सांगून ठेवा. माणसं जास्त असतील तर एका लांब रांगेऐवजी दोन-तीन रांगा करा. जागा अजिबातच नसेल तर कडेला बारीक पोरं उभी करा आणि दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडून फ्रेम धरा. कडेच्या माणसांचे हात-पाय फ्रेमच्या टोकाला भिडू देऊ नका.

मावशींचा फोटो नवा काढून द्या. पैसे घेऊ नका.

मी कोल्हापुरातच बातम्यांसाठी फोटो काढतो. निकॉन फुल फ्रेम. चैत्र पौर्णिमेला जोतिबावर गर्दीत आत शिरून काम करायचं असतं. १४-२४ एफ/२.८ घेऊ की १६-३५ एफ/४? १४ ची मजा वेगळीच वाटते.

मजा आहेच. १४ ला ११४ अंश दिसतं, १६ ला १०७. सासनकाठी पायथ्यापासून शेंड्यापर्यंत उभ्या फ्रेममध्ये घ्यायची, आणि तीही ती धरणाऱ्याच्या हाताच्या अंतरावरून, तर हे सात अंश कामाला येतात.

पण तुम्ही जोतिबाचं नाव काढलंत म्हणून विचारते. गुलालाचं काय करणार? १४-२४ ची पुढची काच बुबुळासारखी फुगून बाहेर आलेली आहे. तिच्यावर साधा फिल्टर बसत नाही. गुलाल थेट काचेवर येणार, घामाचा हात लागणार, आणि गर्दीत तुम्ही सदऱ्याच्या टोकानं ती पुसणार. मीही पुसली असती. गुलाल बारीक असतो, घासला की काचेवर कायमच्या रेघा. १६-३५ एफ/४ ला ७७ एमएमचा फिल्टर लागतो. गुलाल फिल्टरवर बसू दे, परत येताना काढून नळाखाली धरा, गेलाच तर नवा आणा. वजनातही १४-२४ जवळजवळ एक किलोची, आणि यात्रेत ती पाच-सहा तास डोक्यावर हात करून धरायची असते. भर उन्हात २.८ चा उपयोग शून्य.

तेव्हा १६-३५. त्या दिवशी लेन्स बदलायची नाही, एकदा लावली ती घरी येईपर्यंत. कॅमेऱ्याच्या सगळ्या फटींना कागदी चिकटपट्टी. आल्यावर आधी फुग्यानं हवा मारायची, मग मऊ ब्रश, आणि ओलं फडकं अगदी शेवटी. गुलालाला पाणी आधी लागलं तर तो रंग होतो आणि झूमच्या रिंगमध्ये जाऊन बसतो. माझ्या एका जुन्या लेन्सची रिंग अजून गुलाबी आहे.

आरशाशिवायच्या नव्या निकॉनकडे कधी गेलात तर १४ चा विचार पुन्हा करा. जुन्या कॅमेऱ्यात लेन्सची कडी आणि सेन्सर यांच्यात ४६.५ मिलिमीटर अंतर, कारण मध्ये आरसा हलायला हवा. १४ एमएमच्या लेन्सला इतक्या लांबून चित्र पाडायचं म्हणजे पुढे मोठाली काच लावून उलटी कसरत करावी लागते. नव्यांत ते अंतर १६ मिलिमीटर आहे. त्यांची १४-२४ साधारण साडेसहाशे ग्रॅमची झाली आणि तिच्या हूडवर (पुढच्या ऊन अडवणाऱ्या कड्यावर) फिल्टरही बसतो. मात्र तो ११२ एमएमचा, म्हणजे जवळपास पुरणपोळीएवढा, आणि किंमतही तशीच.

कासला पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावून १० एमएमवर फोटो काढले. आकाश एका बाजूला गडद निळं, दुसऱ्या बाजूला फिकट. फिल्टर खराब आहे का? (सातारा)

फिल्टर ठीक आहे. सूर्यापासून काटकोनात असलेलं आकाश पोलरायझर सर्वांत गडद करतो, बाकीचं कमी. साध्या लेन्समध्ये आकाशाचा छोटा तुकडा येतो, म्हणून फरक जाणवत नाही. १० एमएममध्ये अर्धं आकाश येतं, मग पट्टा दिसणारच. काढून ठेवा, किंवा आकाश थोडंच घ्या आणि फिल्टर ओल्या पानांची चमक मारायला वापरा. तिथे तो सोनं आहे. आणि फुलांत पाय टाकू नका, वाटेवरूनच वाकून काढा. वाइड लेन्सला फुलाच्या वीतभर जवळ जावं लागतं, तेव्हा कडेचं एखादं फूल निवडलंत की काम होतं.

पुण्यात जुन्या फ्लॅटच्या विक्रीचं काम करते. खोल्या दहा बाय बाराच्या. मोबाइलच्या ०.५ वर फोटो काढते, पण गिऱ्हाईक प्रत्यक्ष बघायला आलं की तोंड पाडतं. कॅमेरा आणि वाइड लेन्स घेऊ का?

ताई, गिऱ्हाईक तोंड पाडतं कारण फोटोत हॉल दिसतो आणि दार उघडल्यावर खोली निघते. आयफोनचं ०.५ म्हणजे फुल फ्रेमच्या भाषेत १३ एमएमच्या आसपास. रुंदीत शंभर अंशांच्या पुढे. तेवढ्याची गरजच नाही. खोलीच्या कोपऱ्यात पाठ लावून उभ्या राहिलात की दोन भिंतींमधला कोन ९० अंशांचा असतो. त्या दोन्ही भिंती दिसायला ९० अंश पुरतात, आणि ते फुल फ्रेमवर १८ एमएमला मिळतात, छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १२ च्या आसपास. मोबाइलमध्ये ०.५ वरून ०.७ पर्यंत झूम पुढे न्या, जवळपास तेच होईल. त्याहून रुंद गेलात की पलंग नावेसारखा लांबतो आणि समोरची खिडकी शेजारच्या सोसायटीत जाते.

सध्या कॅमेरा घेऊ नका. पैसे घालायचे तर एक स्टँड आणि मोबाइल पकडायची क्लिप घ्या. उंची छातीएवढी, मोबाइल वर-खाली न झुकवता अगदी उभा, म्हणजे दाराच्या चौकटी सरळ राहतात. दिवे लावा, पडदे उघडा, दुपारचं ऊन खिडकीतून थेट येत असेल तर तासभर थांबा. महिन्याला दहा-पंधरा फ्लॅट होऊ लागले आणि अंधाऱ्या खोल्यांत मोबाइलचे फोटो दाणेदार यायला लागले की पुन्हा लिहा, तेव्हा लेन्सचं बघू.

आणि बटण दाबण्याआधी कपाटाच्या आरशात बघा. वाइड लेन्सला खोलीतलं सगळं दिसतं, काढणारी बाईसुद्धा. माझ्या पहिल्या फ्लॅटच्या कामात सगळे फोटो पोचते झाले आणि मालकांचा फोन आला, ‘बेडरूमच्या फोटोत कोण आहे?’ मीच होते, एका हातात कॅमेरा, तोंडात पेनाचं टोपण.